अकरावीचं गणित: सरळ रेषेची समीकरणं शिकायला काय वापरू?

फोंड्याची_आई: मुलगी यंदा अकरावी सायन्सला. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्रजी, दहावीला मार्कही चांगले. आता 'स्ट्रेट लाइन्स'च्या धड्यावर गाडी अडलीय. वहीच्या शेवटच्या पानावर पाच सूत्रं लिहून ठेवलीत, पण गणित समोर आलं की कुठलं लावायचं ते कळत नाही. काल (−२, ५) आणि (४, −७) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ −६ काढला, पाठीमागे उत्तर −२. ट्यूशन लावू, ॲप घेऊ की दुसरं पुस्तक?

कौलारू: ताई, ट्यूशनचे पैसे आताच घालवू नका. चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. तिने खाली ४ − २ केलं, हवं होतं ४ − (−२), म्हणजे ६. वर −१२ बरोबरच आहेत. वजाचं वजा खाल्लं, एवढंच. आणि तिच्या वेळच्या एनसीईआरटी पुस्तकांत चढ हा प्रकार दहावीपर्यंत नव्हताच. नववीला दोन चलांची समीकरणं, दहावीला अंतराचं आणि विभाजनाचं सूत्र, मग अकरावीत चढ एकदम अंगावर.
पाचांतलं एकच सूत्र धरू दे: चढ आणि एक बिंदू. य − ५ = −२(क्ष + २), म्हणजे य = −२क्ष + १. आता दुसऱ्या बिंदूने ताळा: −८ + १ = −७, जुळलं. ताळा केल्याशिवाय पान उलटायचं नाही. अक्षांवरच्या छेदांचं सूत्र दिसायला देखणं, पण रेषा आरंभबिंदूतून गेली की निरुपयोगी.

मागच्या_सीटवर: पुस्तकाआधी मोटारसायकल पायलटचं, म्हणजे आपल्या गोव्यातल्या दुचाकी टॅक्सीवाल्याचं, भाडं घ्या. समजा ४ किमीला ७० रुपये, ९ किमीला १२०. (आकडे माझे, पायलटशी भांडू नका.) ५ किमीला ५० वाढले, म्हणजे किमीला १०, हाच चढ. ७० मधून ४० गेले, उरले ३०, ते नुसते मागे बसायचे. य = १०क्ष + ३०. माझ्या भाच्याला हे म्हापशाच्या बसस्टँडवर उभ्याउभ्या पटलं.

रात्रपाळी: ॲप हवंच तर जिओजेब्रा, फुकट आहे. य = मक्ष + क टाकून स्लायडर फिरवा. म बदलला की रेषा कलते, क बदलला की तशीच वर-खाली सरकते. व्हिडिओ मात्र नकोत, बघताना सगळं येतंसं वाटतं.

फोंड्याची_आई: पायलट पटला! आता विचारते, (२, ३) आणि (२, ७) घेतले तर खाली शून्य येतं, मग?

कौलारू: मग चढ काढायचाच नाही. भिंतीला कसला उतार? क्ष दोन्हीकडे २, म्हणून समीकरण क्ष = २. आडव्या रेषेचा चढ शून्य, उभीला चढच नाही. इथे पोरं हमखास घोळ घालतात.

फोंड्याची_आई: बरं. आलेख कागद सुटे मिळतात का कुठे? अख्खी वही संपायची नाही.

रात्रपाळी: चौकड्यांची साधी वही घ्या. संपेल, बघा.