मदत हवी आहे: फोटो धूसर, पक्षी दुर्मीळ. नोंद कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

काल उन्हं कलताना पाणथळीच्या कडेला वुड सँडपायपरच्या (चिखलात चरणारा छोटा पाणपक्षी) थव्यात एक वेगळाच पक्षी चरताना दिसला. छातीवर दाट उभ्या रेघोट्या, आणि त्या पट्टीने आखल्यासारख्या एका रेषेत थांबलेल्या. खाली पोट पांढरंशुभ्र. चोच टोकाकडे किंचित खाली वळलेली, बुडाशी फिकट. मला तो पेक्टोरल सँडपायपर वाटतोय. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) यादी भरताच तो दुर्मीळ म्हणून अडकला आणि तपासणाऱ्यांची विचारणा आली: सारखे दिसणारे पक्षी कशावरून वगळलेत?

हाताशी आहे ते असं: स्कोपला (दूरचं पाहायची दुर्बीण) मोबाइल लावून काढलेले फोटो (उष्णतेच्या लहरींनी सगळे थरथरलेले), एक छोटा व्हिडिओ आणि जागेवरच वहीत खरडलेलं चित्र. पाय पिवळसर होते असं आठवतंय, पण वहीत ते नाही. आता पुस्तक पाहून लिहिलं तर चालेल का? एक मित्र म्हणतो, फोटो एआयवाल्या ॲपमधून स्वच्छ करून चढव. आणि ग्रुपवर सगळे नेमकी जागा विचारताहेत, ती सांगू का?

प्रतिसाद १

अभिनंदन आधी! आता कामाचं.

पहिलं म्हणजे वहीच्या त्या पानाचा फोटो काढा आणि जसाच्या तसा जोडा, चित्र कितीही वेडंवाकडं असो. पुस्तक उघडण्याआधी कागदावर उतरलेलं सगळ्यात मोलाचं. पुस्तक एकदा पाहिलं की डोळ्यांनी न पाहिलेलंही 'आठवायला' लागतं, हा भल्याभल्यांचा अनुभव आहे. त्यामुळे पायांबद्दल सरळ लिहा: 'पिवळसर वाटले, जागेवर टिपलेलं नाही.' अशा कबुलीने नोंद कमजोर होत नाही, उलट बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

'नक्की पेक्टोरलच' हे वाक्य मात्र टाळा. तुमची खात्री त्यांनी मागितलेलीच नाही. तीन पक्षी वगळून दाखवा. शार्प-टेल्ड सँडपायपरच्या छातीवरच्या खुणा हळूहळू विरत जातात, अशी स्पष्ट सीमा नसते, आणि डोकं तांबूस दिसतं. रफ या पाणपक्ष्याच्या मादीची मान लांब, डोकं लहान आणि छातीवर अशा रेघोट्या नाहीत. तिसरा लाँग-टोड स्टिंट. तो दिसायला पेक्टोरलची छोटी आवृत्तीच, आणि एकटा पक्षी असला की आकाराचा अंदाज हमखास फसतो. तुमचं नशीब चांगलं की शेजारी वुड सँडपायपर होते. ते साधारण २० सें.मी. आणि पेक्टोरल १९ ते २३. स्टिंट मात्र १६च्या वर जात नाही. एकाच चौकटीत दोघे असलेला फोटो कितीही धूसर असो, तोच सगळ्यात आधी लावा.

तपासणारे छळतात असं वाटत असेल तर रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड आठवा. १८८४नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळालेला नव्हता. पण माइनर्ट्झहागेन या संग्राहकाने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर १९१४ची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी लावून ठेवली होती. पुढे शोधणारे त्या खोट्या पत्त्यावर भटकत राहिले. ती नोंद बाद ठरवून पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये महाराष्ट्रात शहाद्याजवळ पक्षी सापडला. तुमच्या नोंदीत लबाडी नाही हे उघड आहे, पण वाचणाऱ्याला ते कागदावरूनच कळणार ना.

प्रतिसाद २

ते एआय ॲप अजिबात नको. नसलेली पिसं रंगवून देतं, आणि इथे सगळा निकाल पिसांवरच आहे. कातरणं, थोडा उजेड वाढवणं ठीक. मूळ फाइल जपून ठेवा. व्हिडिओ एकेक चौकट थांबवून पाहा, लहरींमधूनही एखादी स्वच्छ चौकट निसटलेली असते. उडताना टिपलाय का? पेक्टोरलच्या शेपटीच्या बुडाशी मधोमध गडद पट्टा आणि दोन्ही बाजू पांढऱ्या. रफमध्ये पांढरा भाग जास्त, लंबगोल दिसतो.

जागेचं म्हणाल तर हा पक्षी तिथे घरटं करून बसलेला नाही, सांगायला हरकत नाही. फक्त कुठून पाहायचं तेही सांगा, नाहीतर उद्या चिखलात माणसंच जास्त असतील. घुबडं आणि घरट्यांच्या बाबतीत मात्र माझं उत्तर कायम 'नाही' असंच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. व्हिडिओत शेवटी तो उडालाय, मधला गडद पट्टा दोन चौकटींत दिसतो! मजकूर असा केलाय, बघा:

'वुड सँडपायपरइतका किंवा किंचित मोठा, शेजारी थेट तुलना. छातीवरच्या रेघोट्या पोटापाशी एका रेषेत संपतात, त्यामुळे शार्प-टेल्ड नाही. छाती रेघोट्यांची, शेपटीच्या बुडाशी गडद पट्टा, म्हणून रफ नाही. आकारामुळे स्टिंट नाही. पाय पिवळसर वाटले, जागेवर टिपलेले नाहीत. आवाज ऐकला नाही.'

प्रतिसाद १

उत्तम. अंतर, उजेड कुठल्या बाजूने होता आणि किती वेळ पाहिलात एवढं वर जोडा आणि पाठवून द्या. शिवाय उद्या पहाटे, हवा तापायच्या आत, स्कोप घेऊन परत जा. पक्षी बहुधा तिथेच असेल आणि पायांचा प्रश्नही सुटेल.