गॅसची जोडणी असूनही पावसाळ्यात चूलच का पेटते?

यवतमाळहून प्रश्न:
आमच्या गावात उज्ज्वला योजनेची जोडणी बहुतेक घरांत पोहोचली आहे. तरीही सिलिंडर संपला की शेगडी माळ्यावर जाते आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) व गोवऱ्यांवरच स्वयंपाक होतो. आमच्याकडे एक बैलजोडी आणि एक गाय आहे. धूर कमी करण्यासाठी गोबरगॅस बांधावा, इंडक्शन घ्यावे की सिलिंडरचीच सोय लावावी?

वर्ध्याहून उत्तर:
ताई, अडचण किमतीची आहेच, पण त्याहून अधिक ती वेळेची आहे. उज्ज्वलाचे अनुदान नंतर बँक खात्यात जमा होते, पूर्ण रक्कम मात्र आधी मोजावी लागते. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो आणि पेरणीच्या सुमारास बियाणे-खतांत गेलेला असतो. नेमके तेव्हाच सरपण ओले असल्याने धूर सर्वाधिक होतो. त्यामुळे कापूस विकला जाताच भरलेला सिलिंडर घेऊन तो पावसाळ्यासाठी राखावा. एकरकमी १४.२ किलोचा झेपत नसेल, तर ५ किलोचा मागता येतो.

अमरावतीहून उत्तर:
पऱ्हाटी फुकट मिळते, हा हिशेबच अपुरा आहे. घरामागे किंवा बांधावर रचलेल्या गंजीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. म्हणूनच पऱ्हाट्या साठवू नका, असे कृषी विभाग सांगत असतो. आमच्या गावात हे सर्वांना ठाऊक आहे, गंज्या मात्र हटत नाहीत, कारण चुलीला दुसरे काही नाही.

चंद्रपूरहून उत्तर:
इंडक्शनवर विसंबू नये. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आमच्या जिल्ह्यात असूनही (तो वेगळाच विषय!) खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की शेगडी बंद पडते. गोबरगॅसच्या १ घनमीटर संयंत्राला रोज सुमारे २५ किलो शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते. तीन जनावरांचे मिळून एवढे शेण होऊ शकते, परंतु बैल दिवसभर वावरात असतील तर गोठ्यात किती पडते, ते आठवडाभर वजन करून पाहावे, आणि मे महिन्यात विहिरीला पाणी असते का, हेही. पुरेसे असेल तर अवश्य बांधा. आमच्याकडील उन्हात गॅस चांगला तयार होतो, शिवाय गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला, म्हणजे स्लरी, खत म्हणून शेताला मिळते.

यवतमाळहून:
मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो, त्यामुळे गोबरगॅसचा विचार तूर्त सोडते. ५ किलोच्या सिलिंडरसाठी वितरकाकडे कोणती कागदपत्रे द्यावी लागली, ते कोणी सांगेल का?