पेसमेकर असताना एमआरआय: नागपुरात कुठे होईल?

मंडळी, मदत हवी आहे. काकूंना (वय ६८) कंप्लीट हार्ट ब्लॉकसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले विद्युत संदेश खाली पोहोचत नाहीत) दोन लीडचा (हृदयात जाणाऱ्या तारांचा) पेसमेकर आहे आणि आता कमरेच्या मणक्याचा एमआरआय सांगितलाय. पेसमेकरच्या कार्डावर जनरेटर (बॅटरीची डबी) 'एमआरआय कंडिशनल' (ठराविक अटी पाळून एमआरआय चालणारा) आहे. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून दोन्ही लीडचे मॉडेल नंबरही जुळवून पाहिलेत. एक्स-रेत जुनी, सोडून दिलेली लीड नाही. ती असती तर टोक तापण्याचा धोका असतो.

खरी अडचण प्रोग्रामिंगची. मशीनच्या लहरी पेसमेकरला हृदयाचे ठोके वाटू शकतात आणि तो पेसिंग थांबवतो. काकूंचे ठोके पूर्ण त्याच्यावरच, म्हणून स्कॅनआधी डीओओ मोड (बाहेरच्या लहरींकडे दुर्लक्ष करून ठराविक गतीने पेसिंग) हवा. आत असताना ईसीजी आणि ऑक्सिमीटर चालू, डीफिब्रिलेटर हाताशी. नंतर लगेच मूळ मोड, शिवाय थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारी किमान ऊर्जा) व इम्पीडन्स (लीडचा विद्युत रोध) तपासणी. हे परत करायचं राहिलं तर फार वाईट!

धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकलकडे (सरकारी मेडिकल कॉलेज) १.५ टेस्लाचं मशीन, कार्डिओलॉजिस्ट आणि पेसमेकरच्याच कंपनीचा प्रोग्रामर (सेटिंग बदलायचं यंत्र; दुसऱ्या कंपनीचं चालत नाही) एकाच वेळी कुठे मिळतात? कंपनीच्या इंजिनिअरला सेंटर बोलावतं की आपणच?