रोपाचे टोकन आणि टाकीतले मासे
वर एकानं विचारलंय, परदेशातल्या माशांच्या टाकीवर वाढणाऱ्या गांजाच्या रोपाचं डिजिटल टोकन, म्हणजे रोपातला ऑनलाइन विकला जाणारा हिस्सा, घ्यावा का. माशांचं गणित खरंय. विष्ठेतल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात, तेच रोपाचं खत, अन् पाणी फिरून टाकीत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकराला हे लगेच पटतं. माझ्याकडं टाकीत रूपचंद अन् वर पालक आहे; लाइट गेली की मासे पाण्यावर तोंड काढून आ वासतात, मी इन्व्हर्टरकडं पळतो. टोकन विकणारा असा माशांसाठी पळणाराय का? शिवाय आपल्याकडं १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. विनापरवाना लागवड तर गुन्हाच, तिला पैसा पुरवणाऱ्यालाही कलम २७अ. टोकनच्या नफ्यावर ३० टक्के कर वेगळा. नफा झालाच तर!