येझदी घ्या, पण कागद आधी बघा

जालनेकर काका विचारतायत, निवृत्तीनंतर जुनी येझदी मोटरसायकल घेऊन दुरुस्त करावी का. घ्या की! आपल्या कोरड्या हवेत पत्रा कोकणासारखा गंजत नाही. उन्हानं रबर मात्र कडक होतं, तेवढं बदला. इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं; विसरलात की पिस्टन जाम. किक आणि गिअरचा दांडा एकच, नातवंडांना त्याचंच जास्त कौतुक!

कागदांचं मात्र नीट बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीलाच 'व्हिंटेज' नोंदणी. अशी नोंदणी नव्याने केली तर फी २०,००० रुपये. वर ती गाडी रोज मोंढ्यात न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. माझं मत, साधी नोंदणीच रिन्यू करा आणि थंडीत रविवारी दौलताबाद गाठा.