‘संशय’ की ‘शंका’? बलात्काराच्या अपिलांतील निकालपत्रांच्या मराठीविषयी

प्रश्न : पुण्यातील एका विधी महाविद्यालयासाठी मी निकालपत्रांचे मराठी सारांश तयार करते. इंग्रजी ‘रीझनेबल डाउट’साठी ‘वाजवी संशय’ आणि ‘वाजवी शंका’ यांत फरक आहे का? तसेच साक्षीदाराला ‘विश्वासू’ म्हणावे की ‘विश्वासार्ह’?

उत्तर : ताई, फरक आहे, आणि बलात्काराच्या अपिलात तो विशेष जपावा. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, ‘संशय’ म्हणजे एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरोधी कल्पनांत मन हेलकावे खाणे. दूर उभे दिसते ते खोड आहे की माणूस, हे त्याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण. त्या अर्थाने हा शब्द न्यायाधीशाच्या मनःस्थितीला चपखल होता. आजच्या मराठीत मात्र संशय माणसावर घेतला जातो. पोलीस पकडतात तो ‘संशयित’, आणि नवरा बायकोवर घेतो तोही संशयच. त्यामुळे ‘तिच्या साक्षीबद्दल संशय निर्माण होतो’ हे वाक्य वाचताना ‘तिच्यावर संशय येतो’ असा अर्थ नकळत मनात उतरतो. शंका मुद्द्याला चिकटते, म्हणून मी ‘वाजवी शंका’ लिहितो. वाजवी म्हणजे जिचे कारण नोंदलेल्या पुराव्यातून दाखवता येते ती.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. देसाईगंज पोलीस ठाण्यात पोलिसांनी एका मुलीवर बलात्कार केल्याच्या आरोपाच्या १९७२ च्या प्रकरणात (‘मथुरा प्रकरण’) सत्र न्यायालयाने त्या मुलीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांवरून तिला अविश्वसनीय ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडले, आणि तिच्या अंगावर जखमा नसणे हे संमतीचे लक्षण मानले. याविरुद्ध १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी लिहिलेल्या खुल्या पत्रावर पुण्याच्या वसुधा धागमवार यांचीही सही होती. शंका साक्षीवरून सरकून बाईच्या चारित्र्यावर गेली की काय होते, ते त्या प्रकरणात दिसले. पुढे १९९६ साली गुरमीत सिंग या बलात्काराच्या खटल्यात, पीडितेची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर स्वतंत्र दुजोऱ्याचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

अपिलाच्या न्यायाधीशासमोर बहुधा साक्षीदार नसतो, कागद असतो. म्हणून भाषांतराची जबाबदारी मोठी. मी तपासलेल्या एका कागदात जबाबातली ‘दिवेलागण’ इंग्रजीत ‘रात्र’ झाली होती, आणि कोर्टातील साक्षीत तोच शब्द ‘संध्याकाळ’ झाला होता. बाई दोन्ही वेळा एकच बोलली होती, आणि तरी तिच्या बोलण्यात तफावत दिसत होती. अशा ठिकाणी मूळ मराठी शब्द शेजारी ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

‘विश्वासू’ नोकर असतो. साक्ष ‘विश्वासार्ह’, म्हणजे विश्वासास पात्र.

प्रश्न : आभारी आहे. मग शंकेचा फायदा मिळून आरोपी सुटला, तर ‘निर्दोष मुक्तता’ लिहावे का?

उत्तर : वर्तमानपत्रे तसेच लिहितात, आणि कायद्याच्या दृष्टीने दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोषच असतो, त्यामुळे ते चूक म्हणता येत नाही. मात्र त्यावरून ‘तिची तक्रार खोटी ठरली’ असे पुढचे वाक्य जोडू नये. पुरावा कायदा ‘नाशाबीत’ (तसे नसल्याचे सिद्ध झालेले) आणि ‘शाबीत न झालेले’ (कोणत्याच बाजूने सिद्ध न झालेले) यांत भेद करतो, आणि तक्रार खोटी असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने स्वतंत्रपणे नोंदवला असेल, तरच सारांशात तो शब्द यावा. एरवी ‘शंकेचा फायदा देऊन मुक्तता’ एवढे लिहिणे पुरेसे आणि अचूक आहे.