'फास्ट' आणि 'ॲब्स्टिनन्स': दोन्हींना उपासच म्हणायचं का?

तळटीप: राखेच्या बुधवारसाठी (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) एक कॅथलिक पत्रक मराठीत आणायचं आहे. त्यात दोन वेगळे नियम आहेत. 'फास्ट' म्हणजे किती खायचं: दिवसात एकच पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. 'ॲब्स्टिनन्स' म्हणजे काय टाळायचं: मांस. मसुद्यात 'उपास व शाकाहार' झालंय. ते चूक आहे, कारण शाकाहार म्हटलं की अंडी-मासळीही गेली, आणि नियमात दोन्ही चालतात. दुसरा शब्द सुचवा.

वसईकर: मांसवर्जन. मात्र नुसतं एवढं लिहून भागणार नाही. बोलताना 'मांस' म्हणजे बोकडाचं, डुकराचं. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. 'मटण, चिकन वर्ज्य. मासळी, सुकट, अंडी, दूध, तूप चालेल' असं सरळ लिहा.

अनुस्वार: खरी अडचण पहिल्या शब्दाची आहे. मराठीत उपास म्हणजे पदार्थ बदलणं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, रात्री रताळी. घरच्या अर्थानं उपास चोख झाला, चर्चच्या अर्थानं मोडला, कारण तिथे बंधन प्रमाणाचं. उलट सकाळी चहा-पाव, दुपारी पोटभर बांगड्याचं कालवण-भात, रात्री वाटीभर पेज, हा चर्चच्या नियमात बसतो, पण शेजारी त्याला उपास म्हणणार नाहीत. म्हणून 'एकभुक्त' घ्या.

धुळाक्षरे: एकभुक्त नको. दोन अल्पाहारांची मुभा असताना तो शब्द खोटा पडतो. मराठी बायबलात 'उपास' रुळलाय, तोच ठेवावा. शिवाय तो उपासनेशी जोडलेला, याहून चांगलं काय हवं?

अनुस्वार: जोडलेला नाही. उपासना उप + आस्, जवळ बसणं. उपास हा उपवासाचा झिजलेला अवतार, उप + वस्, जवळ राहणं. उपोषणही त्याच वस् धातूचं, पण आता त्याला मंडप आणि मागण्यांचं निवेदन चिकटलंय. पत्रकात चुकूनही नको.

जुनीवही: 'जवळ राहणं' म्हणजे माणसानं देवाजवळ, असं सगळे सांगतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या पहिल्या कांडात उलटं आहे: यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी राहायला येतात, आणि पाहुणे जेवण्याआधी आपण जेवणं बरं दिसत नाही. पाहुण्यासाठी थांबलेलं ताट! हिब्रूत मात्र याची दुसरी बाजू दिसते. लेवीय 16 मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी जे हिब्रू शब्द आहेत, त्यांचं मराठी बायबलात 'जिवास दंडन' केलंय. उपासाचा ग्रीक शब्द 'नेस्तेइया' तर सरळच, न खाणं.

वसईकर: मंडळी, पत्रक. वयाचं वाक्य काय केलंत? इंग्रजीत 'साठाव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत' असतं, त्याचं 'साठ वर्षांपर्यंत' करू नका, एक वर्ष जास्त होतं. 'अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत' लिहा. साठावं लागणं म्हणजे एकोणसाठ पुरी होणं, मराठीत ते आपोआप नेमकं येतं. मांसवर्जन चौदा पूर्ण झाल्यापासून, त्याला वरची मर्यादा नाही. आणि 'चाळीस दिवसांचा उपास' ही ओळ काढा. प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवसांचा, सहा रविवार वगळून 40. बंधनकारक उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे.

तळटीप: 'ब्रेक द फास्ट'चं काय? मसुद्यात 'पाण्यानं किंवा औषधानं मोडत नाही' असं आहे.

पेजभात: दोन क्रियापदं लागतील. सोडणं म्हणजे पुरा करून उठणं, मोडणं म्हणजे चूक. 'पाण्यानं किंवा औषधानं मोडत नाही' हे कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, आधीच्या एका तासासाठी बरोबर. तो नियम 1957 पर्यंत मध्यरात्रीपासून होता, मग तीन तास, 1964 पासून एक तास. स्वतःहून धरलेल्या उपासाला मात्र 'सोडणं' हवं: गुरुवारी रात्री जेवून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फक्त पाणी, आणि पेजेनं किंवा मऊ भातानं सोडायचा, एकदम तळकट खाल्लं तर पोट बिघडतं. चहा दोन-तीन दिवस आधीपासून कमी करावा, नाहीतर दुपारपर्यंत डोकं धरतं आणि प्रार्थना बाजूला राहते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये, हे पत्रकात ठळक हवं. जेवणाचा वाचलेला वेळ प्रार्थनेला, वाचलेले पैसे उपाशी माणसाला. यशया 58 वाचून पाहा. हे नसेल तर ते नुसतं लंघन.

धुळाक्षरे: मग 'लंघन' आणि 'उपास' हा फरकच पत्रकाच्या माथ्यावर घाला. पण 'उपवास' नव्हे, 'उपास'.

जुनीवही: का? प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'उपवास-प्रार्थना' हा जोडशब्दच आहे. 'उपास-प्रार्थना' कानाला आखूड वाटतं.

धुळाक्षरे: कानाला सवय नाही एवढंच. लोक बोलतात तो शब्द छापायला लाज कसली? तत्सम आला की वाक्य पाळकाच्या तोंडचं होतं, आणि हे पत्रक स्वयंपाकघरात फ्रीजवर लावायचंय.

अनुस्वार: फ्रीजवर लावायचंय म्हणूनच तर घोळ आहे. तिथे 'उपास' वाचून साबुदाणा भिजत घातला जाईल. 'अल्पाहाराचा उपास' करा.

वसईकर: 'अल्पाहार' म्हणजे उपाहारगृहातला नाश्ता. 'एकजेवणी उपास'?

जुनीवही: एकजेवणी! हा शब्द कुठे ऐकलात?